कोड पाठ होत नाहीयेत, कोर्स सोडू का?

या वेळचं पत्र एका विद्यार्थिनीचं आहे. थोडं छोटं करून देतेय. मेडिकल कोडिंग म्हणजे डॉक्टरांची नोट वाचून त्यातल्या आजारांना आणि उपचारांना ठरलेले कोड लावायचं काम, इन्शुरन्सकडे जाणारा क्लेम याच कोडवर जातो.

"ताई, मी कॉलेजमध्ये मेडिकल कोडिंगचा एक वर्षाचा कोर्स करतेय, पाच महिने झालेत. माझं सायन्स नव्हतं आणि शाळा मराठीतून झाली. मी एक वही केलीय, त्यात ४०० कोड लिहिलेत, बरेचसे सिनियरच्या नोट्समधून घेतले. रोज रात्री पाठ करते आणि सकाळी सगळं गायब. टेस्टला ५० पैकी १९ पडले. जे तीन प्रश्न मला अजून कळले नाहीत ते खाली लिहिते, कोड तर मला बरोबर आठवले होते मग चुकलं काय? सर म्हणतात स्पीड वाढव. घरचे म्हणतात हे काम आता एआय करणार, वेळ घालवू नकोस. सोडून देऊ का? आणि नाही सोडलं तर सिनियरचं जुनं कोडबुक चालेल का की नवीनच घ्यावं लागेल?"

अगं, सगळ्यात आधी ती वही बंद कर. रागाने नाही म्हणत, काळजीने म्हणतेय. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यात अभ्यास न करणारी मुलगी कुठेच दिसली नाही, दिसली ती रोज रात्री चुकीच्या गोष्टीवर जीव काढणारी मुलगी. मी या कामात बरीच वर्षं आहे, आधी कोडर होते आणि आता ऑडिट करते म्हणजे दुसऱ्यांनी लावलेले कोड तपासते, आणि तुला सांगते, रोज हाताखालून जाणारे काही कोड सोडले तर मला स्वतःला पाठ असं काही नाही. ते थोडे सुद्धा मी पाठ केले नाहीत, वापरून वापरून डोक्यात बसले.

तू शिकतेयस ती अमेरिकेतली पद्धत आहे, तिथलं निदानाचं पुस्तक म्हणजे आयसीडी-१०-सीएम, त्यात ७० हजारांच्या वर कोड आहेत. त्याच्या आधीच्या आयसीडी-९ मध्ये साधारण १४ हजार होते, १ ऑक्टोबर २०१५ पासून नवीन लागू झालं आणि आकडा एकदम एवढा वर गेला, कारण उजवा हात की डावा, उपचार अजून चालू आहेत की आता फक्त तपासणी, असल्या गोष्टी कोडच्या आतच आल्या. त्यात परत डॉक्टरांच्या व्हिजिट आणि प्रोसिजरसाठी सीपीटी वेगळं, सामान आणि इतर सेवांसाठी एचसीपीसीएस वेगळं, अॅडमिट पेशंटच्या प्रोसिजरसाठी पीसीएस वेगळं. हे कोणी पाठ करेल असं हे बनवणाऱ्यांच्या सुद्धा मनात नव्हतं. सीपीसी ही कोडरच्या सर्टिफिकेटची परीक्षा, तीच बघ ना, १०० प्रश्न, ४ तास, ७० टक्क्यांना पास, आणि कोडबुकं सोबत न्यायला परवानगी! पुस्तक समोर उघडं ठेवून परीक्षा घेतात म्हणजे ते तुझी आठवण तपासत नाहीयेत, तुला वाचता येतं का ते तपासतायत. एका प्रश्नाला अडीच मिनिटं सुद्धा मिळत नाहीत, त्यामुळे पुस्तकात कुठे काय आहे हे हाताला माहीत असावं लागतं, डोक्याला नाही.

आणि पाठ केलेलं टिकत पण नाही, हे तुझ्याच पत्रात आहे. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात तू खोकल्याला आर०५ लिहिलंयस. सिनियरच्या नोट्समधून आलं असणार, कारण आर०५ हा तीन अक्षरी कोड १ ऑक्टोबर २०२१ पासून चालतच नाही, तो फोडला आणि आता आर०५.१ म्हणजे नुकताच सुरू झालेला खोकला, आर०५.३ जुनाट, आर०५.९ म्हणजे डॉक्टरांनी काही सांगितलेलंच नाही, असे वेगवेगळे झालेत. तू इतकी मेहनत करून जे पाठ केलंस ते तू कोर्सला यायच्या आधीच रद्द झालेलं होतं. आयसीडी दर वर्षी १ ऑक्टोबरला बदलतं (कधी कधी १ एप्रिललाही थोडं), सीपीटी १ जानेवारीला. २०२१ च्या जानेवारीत नवीन पेशंटच्या व्हिजिटचा ९९२०१ हा कोड असाच काढून टाकला, ज्यांच्या बोटांना त्याची सवय झाली होती ते कितीतरी दिवस तोच टाकत होते.

आता तुझे तीन प्रश्न घेते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

पहिला. ओपीडीमध्ये पेशंट आला, ताप आणि खोकला, डॉक्टरांनी शेवटी लिहिलं "प्रॉबेबल न्यूमोनिया", एक्सरे सांगितला. तू जे१८.९ म्हणजे न्यूमोनियाचा कोड लावलास आणि सोबत खोकला. तुला वाटलं की न्यूमोनिया हा शब्द आहे, कोड मला येतो, संपलं. पण प्रॉबेबल हा शब्द तू डोळ्यांनी वाचलास आणि सोडून दिलास. ओपीडीच्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की प्रॉबेबल, सस्पेक्टेड, रूल आउट असलं काही असेल तर तो आजार कोड करायचाच नाही, जे नक्की माहीत आहे तेवढंच, म्हणजे इथे ताप आणि खोकला. आर५०.९ आणि आर०५.९. आता गंमत बघ, हाच पेशंट अॅडमिट असता आणि डिस्चार्जच्या वेळी सुद्धा डॉक्टरांनी प्रॉबेबल न्यूमोनियाच लिहिलं असतं तर तू लावलास तो जे१८.९ बरोबर ठरला असता! कारण अॅडमिट पेशंटच्या बाबतीत तपासण्या, औषधं, सगळं त्या आजाराच्या अंदाजानेच झालेलं असतं, म्हणून तिथे तो आजार आहे असं धरून कोड करतात (कोविड, एचआयव्ही, फ्लू असे काही अपवाद सोडून, तिथे खात्री झाल्याशिवाय नाही). ओपीडीत मात्र एक्सरे यायचाच असतो, उद्या तो क्लिअर आला तर त्या माणसाच्या रेकॉर्डवर नसलेला न्यूमोनिया तू चिकटवलेला असतो. म्हणजे शब्द एकच, उत्तरं दोन, आणि फरक कशाने पडला तर पेशंट कुठे होता त्याने. हे ४०० कोडच्या वहीत कुठे लिहिणार होतीस?

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा आहे. टाइप टू डायबिटीस, क्रॉनिक किडनी डिसीज स्टेज ३ए, इन्सुलिन चालू. तू लिहिलंस ई११.९ आणि एन१८.३१. दोन्ही कोड खरे आहेत, स्पेलिंग बरोबर, पण मार्क शून्य, आणि तुला राग आला असणार ते मी समजू शकते. ई११.९ चं वर्णन पुस्तकात नीट वाच, "विदाउट कॉम्प्लिकेशन्स", म्हणजे या पेशंटला डायबिटीसमुळे काहीच गुंतागुंत नाही असं तू लिहून दिलंस आणि पुढच्याच ओळीत किडनी खराब आहे लिहिलंस. तू म्हणशील डॉक्टरांनी कुठे म्हटलंय की किडनी डायबिटीसमुळे गेली? नाही म्हटलं, बरोबर. पण इंडेक्समध्ये, म्हणजे पुस्तकातल्या आजारांच्या नावांच्या अक्षरवार यादीत, डायबिटीस काढ, त्याच्या खाली "विथ" असा शब्द आहे आणि त्याच्या खाली आजारांची लांब यादी, त्यात क्रॉनिक किडनी डिसीज आहे. त्या विथचा नियम असा की हे दोन्ही आजार पेशंटला असतील तर पुस्तक त्यांचा संबंध धरूनच चालतं, डॉक्टरांनी स्वतःहून वेगळं कारण लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून ई११.२२, म्हणजे डायबिटीससोबतचा क्रॉनिक किडनी डिसीज, आणि त्या कोडच्या खालीच सूचना आहे की स्टेजचा कोड सोबत लावा, म्हणून एन१८.३१ तुझा बरोबरच होता, आणि इन्सुलिनसाठी झेड७९.४. याच पेशंटला बीपी पण असतं तर परत तोच विथ लागला असता आणि नुसत्या बीपीच्या आय१० ऐवजी बीपी आणि किडनी जोडणारा आय१२.९ आला असता. मला हा नियम पहिल्यांदा नीट कळला तेव्हा वाटलं की अरे हे तर पुस्तक आपल्याशी बोलतंय, आपणच ऐकत नव्हतो.

तिसऱ्यात तू एकटी नाहीस, जवळपास सगळेच तिथे अडखळतात. उजव्या मनगटाचं कॉलीज फ्रॅक्चर, प्लास्टर तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या हॉस्पिटलला घातलेलं, आज नवीन डॉक्टरकडे पहिल्यांदा आला, हाड नीट जुळतंय का बघायला. तू एस५२.५३१ए लिहिलंस. एस५२.५३१ पर्यंत सगळं अचूक, चुकलं ते शेवटचं अक्षर. तू विचार केलास की या डॉक्टरकडे पहिलीच भेट म्हणजे इनिशियल, म्हणजे ए. पण ते सातवं अक्षर डॉक्टर कितवा हे सांगत नाही, उपचार कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगतं. हाड बसवणं, ऑपरेशन, इमर्जन्सीतले उपचार, हे चालू असेपर्यंत ए, मग डॉक्टर दहावा असला तरी ए. ते संपून भरून यायचं काम सुरू झालं की डी. एस५२.५३१डी. गोंधळ का होतो माहितीय? कारण सीपीटीमध्ये नवीन पेशंट आणि जुना पेशंट असा खरंच फरक आहे, तिथे त्या डॉक्टरने किंवा त्याच ग्रुपमधल्या त्याच स्पेशालिटीच्या डॉक्टरने गेल्या तीन वर्षांत बघितलं नसेल तर तो नवीन. म्हणजे तुझ्या या एकाच पेशंटला सीपीटीमध्ये नवीन पेशंटचा व्हिजिट कोड लागेल आणि आयसीडीमध्ये सबसिक्वेंटचा डी, दोन्ही एकाच क्लेमवर, आणि दोन्ही बरोबर.

बघ, तीनही ठिकाणी कोड आठवण्यात तुझं काही अडलं नाही. अडलं ते वाचण्यात, कधी डॉक्टरांची नोट वाचण्यात, कधी पुस्तकातली बारीक अक्षरातली सूचना वाचण्यात. मला हे एका फोनने शिकवलं. नोकरीला लागून दोन-तीन महिने झाले होते, गुडघेदुखीचा एक साधा चार्ट (पेशंटच्या नोंदींची फाइल) होता, वर तक्रारीत डावा गुडघा आणि खाली तपासणीत उजवा. मी तपासणी डॉक्टर स्वतः करतात म्हणून उजवा धरला, एम२५.५६१, आणि पुढे गेले. चार दिवसांनी ऑडिटरचा फोन, एवढंच विचारलं, "उजवाच आहे असं कुठे लिहिलंय?" मी सांगायला लागले की मला असं वाटलं, त्यांनी परत तेच विचारलं, कुठे लिहिलंय? लिहिलेलं नव्हतंच. दोन ठिकाणी दोन गोष्टी असतील तर डॉक्टरांना विचारायचं असतं, त्याला क्वेरी म्हणतात, ठरवायचा अधिकार माझा नाही. त्या दिवसापासून प्रत्येक कोडला मी स्वतःला तोच प्रश्न विचारते, आधी नोटमध्ये कुठे लिहिलंय आणि मग पुस्तकात कुठे लिहिलंय. दोन्हीकडे बोट ठेवता आलं तर कोड लावायचा.

तुला पण हेच करायचंय. रोज एकच केस घे, एकच. पेन्सिल घेऊन नोट वाच, आजाराचे शब्द, बाजू, जुनाट की अचानक, संशय की खात्री, यांना खुणा कर. मग इंडेक्स. इंडेक्समधून थेट उत्तर उचलायचं नाही, तिथून टॅब्युलर लिस्टला, म्हणजे कोडच्या क्रमाने लावलेल्या मुख्य यादीला, जायचंच, आणि तिथे फक्त कोडची ओळ वाचून परत यायचं नाही, वर सरकून त्या तीन अक्षरी कॅटेगरीच्या खाली आणि चाप्टरच्या सुरुवातीला काय लिहिलंय ते पण वाचायचं, कारण कोड फर्स्ट (आधी तो दुसरा कोड लाव), यूज अॅडिशनल कोड (सोबत आणखी एक कोड लाव), एक्सक्लूड्स वन आणि टू या सूचना बऱ्याचदा तिथेच असतात. एक्सक्लूड्स वन म्हणजे हे दोन एकत्र सहसा लावायचेच नाहीत, टू म्हणजे तो आजार या कोडमध्ये धरलेला नाही, पेशंटला दोन्ही असतील तर दोन्ही लाव. आणि मग वहीत कोडच्या समोर एका वाक्यात लिही की हाच का. मराठीत लिही, काही बिघडत नाही. चुकलं तर कोड खोडून नवीन लिहू नकोस, चुकीचं कारण लिही, "प्रॉबेबल सोडलं", "इंडेक्सवरून उचललं", "सातवं अक्षर". महिन्याभराने तुला दिसेल की चुका शंभर असल्या तरी कारणं चार-पाचच आहेत.

स्पीडचं म्हणशील तर सर काळजीनेच सांगत असतील पण माझं मत वेगळं आहे, आत्ता स्पीडकडे बघूच नकोस. कामावर बऱ्याच ठिकाणी ९५ टक्के अचूकता मागतात आणि त्यासोबत टार्गेट असतं, हे खरंय, पण अचूक हात हळूहळू वेगवान होतो, वेगात बसलेली चूक मात्र निघता निघत नाही, मी रोज बघते.

मराठी शाळेचं इतकं मनावर घेऊ नकोस. मेडिकलचे शब्द हे इंग्रजीवाल्यांना पण नवीनच असतात, ते ग्रीक आणि लॅटिनचे तुकडे आहेत आणि तुकडे जोडायला आपल्याला येतं. आयटिस म्हणजे दाह, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं, ऑटॉमी म्हणजे छेद देणं, ऑस्टॉमी म्हणजे बाहेर उघडणारं तोंड करणं. कोलेसिस्ट म्हणजे पित्ताशय, मग कोलेसिस्टायटिस आणि कोलेसिस्टेक्टॉमी तुझं तुलाच कळेल. फक्त एक सावध राहा, शब्द मराठी अक्षरात लिहून पाठ करू नकोस, कारण इलियम लिहिलंस तर ते लहान आतड्याचं शेवटचं टोक की कमरेचं हाड हे कळणारच नाही, दोन्हीचा उच्चार एकच आणि स्पेलिंगमध्ये मधल्या एका अक्षराचा फरक. डिसफेजिया म्हणजे गिळायला त्रास आणि डिसफेझिया म्हणजे बोलायला, हे पण तसंच. अॅनाटॉमीला मात्र चित्र काढण्याशिवाय उपाय नाही, वाईट काढ पण स्वतः काढ, रक्त हृदयातून कुठे जातं, पित्त कुठून कुठे येतं. पीसीएस शिकताना तर हे पावलोपावली लागतं, तिथे एखादा अवयव पूर्ण काढला तर रिसेक्शन आणि थोडा काढला तर एक्सिजन, डॉक्टरांनी ऑपरेशन नोटमध्ये रिसेक्शन शब्द वापरला तरी भाग थोडाच काढला असेल तर तुला एक्सिजनच घ्यायचं असतं, आणि किती काढला हे कळायला तो अवयव डोळ्यासमोर असावा लागतो.

आता एआय. घरच्यांचं म्हणणं पूर्ण खोटं आहे असं मी तुला खोटं सांगणार नाही. नोट वाचून कोड सुचवणारी सॉफ्टवेअर बऱ्याच वर्षांपासून आहेत आणि आता चांगलीच सुधारलीत, साधे सरळ चार्ट, ठरावीक एक्सरे रिपोर्ट, हे काम माणसाकडून कमी होत जाणार असं मला स्पष्ट वाटतं. पण सॉफ्टवेअरने सुचवलेला कोड का बरोबर किंवा का चूक हे सांगणारं, दोन डॉक्टरांच्या दोन नोट्स जुळत नसतील तर क्वेरी टाकणारं, इन्शुरन्सने क्लेम नाकारला तर गाइडलाइन दाखवून अपील लिहिणारं माणूस लागतंच, आणि चुकीच्या कोडची जबाबदारी सॉफ्टवेअर घेत नाही. म्हणून तर म्हणतेय पाठांतर सोड. ते ७० हजार कोड मशीनला तुझ्यापेक्षा चांगले पाठ आहेत, त्या शर्यतीत उतरायचंच कशाला?

नोकरीचं पण सरळ सांगते, कारण कोर्सच्या जाहिराती हे सांगत नाहीत. नुसत्या कॉलेजच्या सर्टिफिकेटवर दार उघडणं अवघड असतं, सीपीसी किंवा सीसीए असं परीक्षा देऊन मिळणारं एखादं सर्टिफिकेट लागतं. सीपीसी पास झालीस तरी सुरुवातीला नावापुढे ए येतो, अप्रेंटिसचा, दोन वर्षांच्या कामाचा पुरावा दिला की तो निघतो. पहिली नोकरी मिळायला वेळ लागतो, आणि काम म्हणजे आठ तास स्क्रीनसमोर बसून वाचणं. पेशंट भेटत नाही, कोणी थँक्यू म्हणत नाही. पण एखादा चाळीस पानी चार्ट उलगडून तो माणूस दवाखान्यात का आला होता हे नेमकं कळतं ना, त्यात एक समाधान आहे, मला अजून मिळतं.

तर सोडू का याचं उत्तर मी १९ मार्कांवरून देणार नाही, तू पण देऊ नकोस. एक महिना वही बंद ठेवून वर सांगितलं तसं रोज एक केस कर. महिन्याने मार्क वाढलेत का ते बघू नकोस, असं बघ की नोट वाचताना, शोधताना तुला वेळ कसा जातो. कंटाळा येत असेल, ते बारीक अक्षर वाचणं नकोसं होत असेल, तर खुशाल सोड, त्यात हरल्यासारखं काही नाही, हे काम तसंच आहे आणि पुढे पण तसंच राहणार. पण "हा कोड का नाही" हे शोधताना जेवायची आठवण राहिली नाही असं एकदा जरी झालं तर सोडू नकोस.

आणि कोडबुक. सरावासाठी सिनियरचं जुनं चालेल, इंडेक्स कसा बघायचा, सूचना कुठे असतात हे वर्षानुवर्षं तेच आहे, फक्त त्यातला कोड अंतिम धरू नकोस. आयसीडीच्या गाइडलाइन्सची चालू वर्षाची पीडीएफ सीएमएस या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेच्या साइटवर फुकट मिळते, ती आजच उतरवून घे आणि पहिला सेक्शन आधी वाच, तुझा विथवाला नियम त्यातच आहे. परीक्षेला मात्र परीक्षा ज्या वर्षाच्या कोडवर आहे त्याच वर्षाची पुस्तकं लागतील, त्यामुळे तारीख ठरल्याशिवाय नवीन घेऊ नकोस.